एका मोघम आजाराची हकीकत

पदवी लपवण्याची कल्पना माझी नव्हती. हे आरंभीच नोंदवून ठेवतो. पुढे जे घडले त्याच्या श्रेयाची वाटणी तरी चोख व्हावी. कल्पना वरच्या मजल्यावरच्या साहेबांची. हे गृहस्थ एका मोठ्या कारखान्यातून कर्मचारी-अधिकारी म्हणून निवृत्त झाले. पण उमेदवार नाकारण्याची हयातभराची सवय त्यांच्याबरोबर निवृत्त झाली नाही. आता उमेदवार मिळत नसल्यामुळे ते भाजी नाकारतात, वर्तमानपत्रातल्या बातम्या नाकारतात, आणि लिफ्टमध्ये आधीपासून कुणी उभे असेल तर त्याला नखशिखान्त न्याहाळून, 'कळवू' अशा चेहऱ्याने जिन्याकडे वळतात.

माझा अर्ज त्यांनी जिन्यात उभ्याउभ्याच वाचला. तो गाद्या तयार करणाऱ्या एका कंपनीसाठी होता. पद 'ग्राहक-संवाद अधिकारी'. अपेक्षा एवढीच की उमेदवाराला शुद्ध लिहिता यावे आणि संतापलेल्या ग्राहकाला शांत भाषेत उत्तर देता यावे. संताप आणि शांत भाषा यांचा एकत्र संसार मी वर्षानुवर्षे चालवत आलो आहे. पद माझ्यासाठीच निर्माण झाले असावे, असे मला प्रामाणिकपणे वाटले होते.

"हे काय लिहिलंयस? डॉक्टरेट?"

"हो."

"कशात?"

"साहित्यात. प्राचीन शोककाव्यांतील संबोधन."

"म्हणजे?"

"म्हणजे कवी मेलेल्या माणसाला 'तू' म्हणतो, तेव्हा तो 'तू' नेमका कोण असतो, याचा—"

"कोणी गेलंय का?"

"बरेच जण. पण फार पूर्वी."

साहेबांनी अर्जाची घडी घातली. "हे काढून टाक."

"काय?"

"डॉक्टरेट. असली माणसं आली की मी दारातूनच परत पाठवायचो. जास्त शिकलेला माणूस टिकत नाही. आणि टिकला, तर शिकवत बसतो."

येथे थोडा खुलासा आवश्यक आहे. ज्या महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर शिकवत असे, तेथील संचालकांना एके दिवशी साक्षात्कार झाला की साहित्याच्या वर्गखोल्यांना उत्तम उजेड येतो, आणि उत्तम उजेडाची खरी गरज व्यायामशाळेला असते. निरोपाला मला पुष्पगुच्छ मिळाला. मी ज्या जागी उभा राहून शिकवीत असे, तेथे धावण्याचे यंत्र बसवण्यात आले. त्यावर माणूस तासभर धावतो आणि होता तिथेच राहतो. शाखेची परंपरा अशा रीतीने अखंड राहिली.

घरी आई आणि मी. आई लोकांचे पडदे शिवते. पूर्वी ती शिवणयंत्रावर बसली की मला ते यंत्र ऐकू येत नसे. अलीकडे ते मध्येच थांबते आणि सुईत दोरा ओवण्यासाठी मला हाक येते. मला नोकरी हवी होती ती एवढ्यासाठी की ते यंत्र एकदाचे कायमचे थांबावे. बाकी माझ्या सर्व महत्त्वाकांक्षा वाङ्मयीन होत्या आणि त्यामुळे त्यांचा कुणालाच उपद्रव नव्हता.

तेव्हा मी डॉक्टरेट काढून टाकली. एक ओळ खोडली आणि सात वर्षांचे भगदाड पडले.

"हे असं चालणार नाही," साहेब म्हणाले. ते आता आमच्या बैठकीत बसले होते आणि दुसरी नोकरी लागल्यासारखे तजेलदार दिसत होते. "मधल्या सात वर्षांत काय करत होतास, हे विचारणारच. धंदा बुडाला म्हण."

"मी धंदा केलेला नाही."

"तुरुंग?"

"साहेब!"

"अरे, विचारून बघतो. मग आजार. आजार उत्तम. आजारी माणसाला कुणी उलटा प्रश्न करत नाही. फक्त नाव घ्यायचं नाही. मोघम ठेव. 'प्रकृतीच्या कारणास्तव', बस्स."

मी त्यांना नम्रपणे सांगितले की मी संशोधक आहे आणि निराधार विधान माझ्या हातून होणे नाही.

"मग आधार शोध की. तेच शिकलायस ना?"

हा टोला मला लागला, आणि मी खरोखरच आधार शोधायला बसलो. प्रबंधाच्या काळात माझे वजन घटले होते. चष्म्याचा नंबर वाढला होता. पाठ धरली होती. मार्गदर्शकांच्या दाराबाहेर छातीत धडधड होई. जेवणाची वासना गेली होती. माणसांची नावे विसरत असे. इसवीसनापूर्वीच्या माणसांची मात्र नाही. माझ्या प्रबंधातले एकही विधान इतके साधार नव्हते. मी निश्चिंत मनाने लिहिले: प्रकृतीच्या कारणास्तव.

लेखी परीक्षा झाली आणि मुलाखतीचे बोलावणे आले.

गाद्यांच्या कंपनीच्या प्रतीक्षाकक्षात खुर्च्या नव्हत्या. भिंतीला लागून कंपनीच्याच उत्पादनांनी सजलेले बुटके पलंग होते आणि उमेदवारांनी त्यांवर बसावे अशी अपेक्षा होती. बसले की माणूस हळूहळू आत जाई. इस्त्रीचे शर्ट घातलेली आम्ही मंडळी मांडीवर फायली धरून, गुडघे हनुवटीपर्यंत आलेले, अशी रांगेने रुतून बसलो होतो. नाव पुकारले की शेजारच्याला हात देऊन उठवावे लागे, आणि ज्याला आपण उठवतो तो आपलीच नोकरी घ्यायला चालला आहे हे दोघांनाही माहीत असे. एकमेकांकडे बघून हसावे असे कुणाला वाटले नाही. मला वाटले होते. पण सुरुवात करण्याचा माझा सराव उरला नव्हता.

आत कर्मचारी विभागाच्या बाई होत्या. त्यांनी माझा अर्ज वाचला, भगदाडापाशी थांबल्या, आणि उठून दार लावून आल्या.

"हे रेकॉर्डवर नाही," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "पण विचारते. काय होत होतं नेमकं?"

साहेबांचा सिद्धान्त कोसळला. आजारी माणसालाही उलटा प्रश्न येतो. फक्त दार लावून येतो. मी क्षणभर विचार केला आणि ठरवले की एकही वाक्य खोटे बोलायचे नाही. तेवढी शिस्त हातची गेली तर माझ्यापाशी शिल्लक काय राहणार होते?

"एकेका ओळीवर अडकून पडायचो," मी म्हणालो. "आठवडेच्या आठवडे. पुढं जाताच यायचं नाही."

"अगंबाई. आणि लोकांशी बोलणं वगैरे?"

"नव्हतंच. म्हणजे मी काय म्हणतोय ते कुणाला कळायचं नाही."

"उपचार?"

"एक डॉक्टर होते. त्यांच्याच देखरेखीखाली होतो."

"ते काय म्हणायचे?"

"आणखी एक वर्ष लागेल म्हणायचे. दर वर्षी."

बाईंनी मान हलवली. त्यांचाही एक भाऊ असाच डॉक्टरांच्या फेऱ्यात सापडला होता. "मग सुटलात कसे?"

"शेवटी तज्ज्ञांचं मंडळ बसलं. दोघं बाहेरगावाहून आले होते. त्यांनी तासभर उलटसुलट विचारलं, आपापसात बोलले, आणि मोकळं केलं मला."

"पूर्ण?"

"तसं प्रमाणपत्रच दिलं."

बाईंचे डोळे ओलावले होते. लेखी परीक्षेत मी सर्वांत वर होतो, असे त्यांनी सांगितले. विशेषतः, गादीतून आवाज येतो अशी तक्रार करणाऱ्या ग्राहकाला मी लिहिलेले उत्तर त्यांनी घरी नेऊन वाचून दाखवले होते. नोकरी माझीच. फक्त दोन गोष्टी राहिल्या. शेजारीपाजारी किरकोळ चौकशी, आणि कंपनीच्या डॉक्टरांची तपासणी.

चौकशी हा शब्द ऐकताच मला घाम फुटला. साहेबांना मात्र नवा हुरूप आला. "सगळ्यांना पढवून ठेवतो," ते म्हणाले. "कोण काय बोलणार, कुठं अडखळणार, सगळं बसवून घेऊ. दोन दिवस दे मला." परंतु दोन दिवस मिळायचे नव्हते. दुसऱ्याच दिवशी दुपारी, साहेब अजून पढवण्याचा मसुदा सुधारीत असताना, कंपनीचा माणूस जिना चढून वर आला आणि त्याने समोरच्या काकूंची घंटा वाजवली. काकू म्हणजे संपूर्ण इमारतीचा संदर्भविभाग. मी आमच्या बंद दाराला कान लावून उभा राहिलो. माझ्यावर आजवर झालेले एकमेव चर्चासत्र मी असे दाराआडून ऐकले.

"समोर राहतात ते... काही वर्षं आजारी होते म्हणे?"

आता सर्व संपले, असे मला वाटले.

"म्हणे काय? होताच की!" काकू म्हणाल्या. "अहो, दिसतच होतं. जिन्यात समोर आला तरी ओळख नाही. एकदा मी आपुलकीनं विचारलं, 'बरा आहेस ना रे?', तर म्हणतो, 'अजून तिसरंच प्रकरण चालू आहे.' मी तेव्हाच ह्यांना म्हटलं, ह्या मुलाचं काही खरं नाही."

"बरं. आणखी काही?"

"पुटपुटायचा. संध्याकाळी गच्चीवर जाऊन. 'तू बोलत का नाहीस, तू कुठं गेलीस', असलं काहीतरी. एकटाच, हात मागे बांधून. आम्ही कुणी तेवढा वेळ कपडे काढायला वर जायचो नाही. म्हटलं, कशाला उगाच; त्याला ओशाळल्यासारखं होईल."

त्या गच्चीवर मी माझी भाषांतरे मोठ्याने म्हणून बघत असे. संध्याकाळी गच्ची रिकामी असते, हे माझे अनेक वर्षांचे निरीक्षण होते. ती माझ्यासाठी रिकामी केली जाते, हे मला त्या दुपारी कळले.

तळमजल्यावरच्या औषधवाल्याने डोकेदुखीच्या गोळ्यांचा आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांचा माझा खप तोंडपाठ सांगितला. दुसऱ्या मजल्यावरच्या संगीतशिक्षिकेने सांगितले की माझ्या खोलीतून कधी हसण्याचा आवाज आला नाही. एकदा आला, तेव्हा त्या घाबरल्या. साहेब धापा टाकत सगळीकडे पोहोचले, पण प्रत्येक दाराशी साक्ष पूर्ण झालेली. कुणालाही पढवावे लागले नाही. ज्या खोटेपणाच्या भयाने माझी झोप उडाली होती, तो खोटेपणा इमारतीत कुणाच्या गावीही नव्हता. माझ्या सात वर्षांच्या अभ्यासाबद्दल इमारतीचे मत एकमताने आधीच ठरलेले होते. मीच तेवढा ते वाचायचा राहिलो होतो.

मग आमची घंटा वाजली. मी आतल्या खोलीत सरकलो. दार आईने उघडले. शिवणयंत्र थांबले होते, त्यामुळे मला शब्दन् शब्द ऐकू आला.

"तुमचा मुलगा आजारी होता?"

"हो," आई म्हणाली. "सात वर्षं."

"आता?"

"आता बरा आहे. आता जेवताना मान वर करून बघतो."

माणूस गेला. मी बाहेर आलो.

"साहेबांनी तुला छान सांगून ठेवलं होतं," मी म्हणालो.

"कशाबद्दल?"

"हेच. आजाराबद्दल."

"साहेब कशाला सांगतील?" आई पडद्याची दुमड बोटांनी सारखी करत म्हणाली. "मला दिसत नव्हतं का? तुझ्या दाराशी ताट ठेवून मी उभी राहायचे. आतून नुसती पानं उलटल्याचा आवाज. हाक मारावी तर तू दचकायचास. मग हाकही मारेनाशी झाले."

साहेबांचा मसुदा आमच्या घरापर्यंत पोहोचलाच नव्हता. मी काही उत्तर देणार एवढ्यात यंत्र पुन्हा सुरू झाले.

कंपनीचा माणूस येऊन गेल्याने जे आजवर केवळ सर्वमान्य होते ते आता अधिकृतही झाले, आणि लोक मला बघायला येऊ लागले.

प्रबंध मंजूर झाला त्या दिवशीची गोष्ट येथे तुलनेसाठी नोंदवतो. आईने गोडाचा डबा घेऊन मला काकूंकडे पाठवले होते. "कशाबद्दल रे?" काकूंनी विचारले. प्रबंधाबद्दल, असे मी म्हणालो. "अरे वा, म्हणजे नोकरी लागली!" नाही, असे मी म्हणालो. "बरं बरं," काकू डब्याचे झाकण लावत धीराने म्हणाल्या, "लागेल." तो सर्व समारंभ उंबऱ्याबाहेरच आटोपला. आता मात्र तीच मंडळी चपला काढून आत येत, माझ्या पलंगाशी खुर्ची ओढून बसत, आणि जाताना सफरचंदे ठेवून जात. मी दिवसा पलंगावर नसे. पण ते आल्यावर खुर्चीवर बसून राहणे मला अप्रस्तुत वाटू लागले. आडवे पडणे शिष्टाचाराला अधिक धरून होते.

प्रत्येकाने सल्ला दिला. कुणी गार पाण्याने आंघोळ सुचवली, कुणी पहाटेचे फिरणे, कुणी आरशासमोर उभे राहून मोठ्याने हसणे. मात्र एका उपायावर सर्वांचे एकमत होते: विचार कमी कर. हा उपाय कितपत गुणकारी आहे याचा पुरावा मागण्याची मला गरज भासली नाही. सल्ला देणाऱ्या प्रत्येकावर तो लागू पडलेला स्वच्छ दिसत होता. संगीतशिक्षिका म्हणाल्या, "पुस्तकं नजरेआड ठेवा थोडे दिवस," आणि साहेबांनी लागलीच माझे कपाट चादरीने झाकले. त्या चादरीवर कुणीतरी सफरचंदांची परडी ठेवली. सात वर्षांच्या व्यासंगाचे एवढे नेटके प्रदर्शन कुठल्याही विद्यापीठाला जमले नसते.

एका दुपारी काकू एकट्याच आल्या. सफरचंद चिरून माझ्या पुढ्यात ठेवले.

"काय होत होतं रे तुला?" मग त्या म्हणाल्या. "खरं सांग."

हातात नोकरीचा अर्ज नसताना हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. मार्गदर्शकांनी प्रगती विचारली होती, कार्यालयाने अहवाल, नातेवाइकांनी लग्नाचे. मी सांगू लागलो. एक कवी होता, त्याची बहीण वारली. तिला तो विचारतो की तुझ्या बाजूला आता कोण झोपतं, आणि तो प्रश्न कुणाला आहे हे ठरवण्यात माझे एक वर्ष गेले, असे सांगितले. कधीकधी वाटे की उत्तर मिळाले, आणि ते सांगायला मी खोलीबाहेर येई, आणि बाहेर कुणीच नसे, किंवा जे कुणी असे ते वर्तमानपत्र वाचत असे. मग परत आत. मी भाषा सोपी केली नाही. तळटीपासुद्धा वगळल्या नाहीत. काकूंनी एकदाही घड्याळाकडे पाहिले नाही. शेवटी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"फार सोसलंस रे बाळा," त्या म्हणाल्या.

माझ्या प्रबंधाचे एवढे मनःपूर्वक परीक्षण परीक्षकांनीही केले नव्हते. मला त्यांचा अतोनात राग आला. अधिक राग याचा आला, की त्यांनी हात काढू नये असे मला वाटत होते.

राहिले कंपनीचे डॉक्टर. निरोप आला: तपासणीला घरचे कुणीतरी सोबत हवे. आईने शिवायला घेतलेले पडदे बाजूला सारले, चांगली साडी नेसली, आणि मी लहान असताना परीक्षेला निघालो की ती ज्या चेहऱ्याने निघायची, त्या चेहऱ्याने निघाली.

कारखान्याच्या मागच्या अंगाला दवाखाना होता. सुया टोचलेली बोटे घेऊन कामगार बाहेर बसले होते. आत ज्यावर रोग्याला झोपवतात ते बाक साधे लाकडी होते. गादी कुठेच नव्हती. डॉक्टर वयस्क, कोरडे आणि नेमके. असा माणूस मला एखाद्या विद्वत्सभेत भेटला असता तर आमची मैत्री झाली असती. त्यांनी नाडी पाहिली, डोळे पाहिले, जीभ पाहिली.

"भूक?"

"चांगली."

"झोप?"

"लागते."

"पुन्हा ओळींवर अडकणं वगैरे?"

"आता ओळीच समोर नसतात."

"उत्तम." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिले. "त्या काळात कधी बरं वाटायचं का? अधूनमधून?"

आई शेजारच्या स्टुलावर बसली होती, पिशवी मांडीवर घट्ट धरून. 'हो, अधूनमधून' एवढे म्हणून सुटता आले असते. पण प्रश्न नेमका होता, आणि नेमक्या प्रश्नाला ढिले उत्तर देण्याचे शिक्षण मी घेतलेले नाही.

"रोज," मी म्हणालो.

डॉक्टरांचे पेन थांबले. "रोज?"

"रोज सकाळी टेबलाशी बसलो की. दिवस दिवस काही घडायचं नाही, आणि मग एखादी ओळ उलगडायची. ज्यानं ती लिहिली तो माणूस केव्हाच गेला, ज्याच्यासाठी लिहिली तोही गेला, आणि ती माझ्याशी बोलायची. त्याहून चांगलं मला कधी काही वाटलेलं नाही."

"कोण बोलायचं?"

"ओळ."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग आईकडे वळून, मी खोलीत नसल्यासारखे, समजुतीच्या स्वरात म्हणाले, "हे असंच असतं, आई. रोगाची जाणीव रोग्याला नसते. आपण आजारी होतो हे जोपर्यंत ते मान्य करत नाहीत, तोपर्यंत बरे झाले असं मला लिहिता येणार नाही. पुढच्या वर्षी बघू."

माझ्या डोक्यात एक संपूर्ण उत्तर तयार होते. त्यात पूर्वपक्ष होता, खंडन होते, आणि या खोलीतल्या तिघांपैकी नक्की कुणाला कशाची जाणीव नाही याचे तीन परिच्छेदांत विवेचन होते. त्यातले पहिले वाक्य माझ्या ओठांवर आले होते.

"नाही हो, डॉक्टर," आई म्हणाली. ती उभी राहिली होती. "त्याचं नका मनावर घेऊ. बरं कुठलं वाटायचं त्याला? मी रोज बघत होते ना. वाळून गेला होता. आता त्याला कळतंय सगळं. कळतंय ना रे?"

तिने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात विनंती नव्हती, इशारा नव्हता. माझी नोकरी वाचवण्यासाठी ती चतुराई करते आहे असे मला क्षणभर वाटले होते, तेही त्यात नव्हते. ती जे बोलली होती ते तिचे पाहिलेले, जपलेले, पूर्ण खरे होते. त्याच्याविरुद्ध माझ्याकडे एकही साक्षीदार नव्हता.

"तुम्ही काय म्हणता?" डॉक्टरांनी मला विचारले.

"आई म्हणते तसंच असेल," मी म्हणालो. "ती बाहेरून बघत होती."

"अच्छा. जाणीव येतेय म्हणायची." डॉक्टरांनी चष्मा चढवला. त्यांनी लिहिले, सही केली, शिक्का मारला. सोमवारपासून कामावर. ग्राहकांना उत्तरे आटोपशीर लिहायची, एकाच तक्रारीवर रेंगाळायचे नाही, आणि वाचन शक्यतो टाळायचे.

आम्ही बाहेर आलो. दुपारची वेळ होती आणि मोठ्या रस्त्यावर वाहने न थांबता जात होती. सिग्नलला उभे असताना आईने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"तू आत म्हणालास ते," ती समोर बघत म्हणाली. "रोज बरं वाटायचं, ते. खरं का?"

मी तिच्याकडे पाहिले. मी आत खुशीत असेन, हे इतक्या वर्षांत तिच्या मनाला कधी शिवले नव्हते. एका दाराच्या आत मी होतो आणि बाहेर ती होती. आतला माणूस सुखात असेल, तर बाहेरच्या माणसाने ताट धरून काढलेली ती सात वर्षे कशाची होती, हे तिला आता या रस्त्याच्या कडेला उभे राहून ठरवावे लागणार होते.

"नाही गं," मी म्हणालो. "डॉक्टर विचारत होते म्हणून काहीतरी बोलून गेलो. फार वाईट दिवस होते ते. तू होतीस म्हणून निभावलं."

"वाटलंच मला," आई म्हणाली, आणि तिचा चेहरा कितीतरी वर्षांनी सैल झाला. "आईला कळत नाही होय रे?"

सिग्नल सुटला. तिने माझा दंड धरला, आणि नुकत्याच बऱ्या झालेल्या माणसाला जितपत धरावे तितपत सैल धरून मला रस्त्यापलीकडे नेले.